शिक्का मारणं सोपं, पुसणं अवघड

भाताची लावणी उरकली, खुरपणीही बरीचशी आटोपली असेल. आता जरा कंबर सरळ करायला सवड आहे, तर आज मी तुम्हाला दोन बायांची गोष्ट सांगणार आहे. एक फार लांबून आलेली, तर दुसरी आपल्याच वाटेवर फुगे विकणारी. दोघी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत, भेटणारही नाहीत. पण दोघींच्या कपाळावर आपल्या माणसांनी शिक्का मारला. दुसरीच्या वेळी तिथे मीही उभी होते. म्हणून आजचं हे बोलणं.

पहिली गोष्ट दिवाळीतली. माझी पुतणी चाकणला एका कंपनीत नोकरीला आहे. तिच्याबरोबर काम करणारी एक जर्मन बाई दिवाळी बघायला आमच्या घरी आली. पोरं अंगणात किल्ला करत होती. पाहुणी जर्मनीची आहे असं कळल्याबरोबर एका पोराने हात पुढे ताठ करून आरोळी ठोकली, "हिटलर!" बाकीची हसली. त्याला वाटलं, आपण पाहुणीच्या गावचा मोठा माणूस ओळखला. तिचा चेहरा मात्र उतरला.

त्यात दारात मी रांगोळी काढली होती, मधोमध स्वस्तिक. ते पाहून ती उंबऱ्याबाहेरच थबकली. पुतणीने समजावलं, की हे आमचं शुभचिन्ह आहे, हजारो वर्षांपासूनचं. हिटलरच्या पक्षाने तशाच आकाराची खूण आपल्या झेंड्यावर घेतली ती १९२० मध्ये. आज जर्मनीत त्या पक्षाची ती खूण मिरवायला कायद्यानेच बंदी आहे. ती बाई "माफ करा" म्हणाली आणि आत आली. म्हणजे बघा, आपण तिला हिटलरवरून ओळखलं आणि तिने आपल्या रांगोळीला हिटलरवरून ओळखलं. शिक्का असा दोन्हीकडून चालतो.

रात्री जेवणं झाल्यावर ती मोकळेपणाने बोलली. म्हणाली, "जगात कुठेही गेले की मला दोन तऱ्हेची माणसं भेटतात. काही जण मी स्वतःच माणसं मारली असावीत तसं बघतात. काही जण हिटलर किती कडक, किती शिस्तीचा, असं कौतुक करतात. मला दुसऱ्यांची जास्त भीती वाटते."

आपण काय करतो? सासू कडक असली की म्हणतो, "आमच्या घरात हिटलर आहे." मास्तर मारकुटा असला की तो हिटलर. आपल्याला तो विनोद वाटतो. पण तो काय होता ते नीट ऐका. १९३३ मध्ये तो जर्मनीत सत्तेवर आला आणि १९४५ मध्ये मेला. या बारा वर्षांत त्याच्या राजवटीने सुमारे ६० लाख ज्यू माणसं मारली. त्यांत बाया होत्या, तान्ही पोरं होती. त्यांचा गुन्हा एकच, ज्यू आईबापांच्या पोटी जन्म. १९३५ मध्ये तर कायदाच केला, की आजी-आजोबा ज्यू असले तर तू ज्यू, आणि ज्यू म्हणजे या देशाचा नागरिक नव्हेस.

मग आजच्या जर्मन माणसावर तो शिक्का अजून का आहे? माझ्या समजुतीप्रमाणे याची तीन कारणं आहेत. पहिलं कारण असं की गुन्हा खरा होता आणि फार मोठा होता. त्याचे कागद, फोटो, छावण्या, जगून वाचलेली माणसं, सगळा पुरावा जगासमोर आला. आणि हे एकट्याचं काम नव्हतं. १९३२ च्या जुलैत त्याच्या पक्षाला शंभरातली साधारण ३७ मतं पडली होती. शेजारच्या घरातली माणसं धरून नेली तेव्हा पुष्कळ जण पडदा ओढून आत बसले. दुसरं कारण सिनेमांचं. जगातल्या बहुतेकांनी जर्मन माणूस पहिल्यांदा पाहिला तो पडद्यावर, आणि तोही लष्करी गणवेशात. तिसरं कारण आपल्या सगळ्यांचं आहे. एका शब्दात आख्खा देश ओळखता आला, की माणसाला वेगळं ओळखण्याची तसदी वाचते.

पण हिशोब करा. ज्या वर्षी हिटलर मेला त्या वर्षी जन्मलेला जर्मन माणूस आज ऐंशी ओलांडलेला आहे. त्या पाहुणीचा जन्म तर त्यानंतर कितीतरी वर्षांनी झाला. तिचा दोष काय?

ती काय म्हणाली ते मी विसरणार नाही. "दोष माझा नाही, पण जबाबदारी माझी आहे." चौदा-पंधरा वर्षांची असताना शाळेने त्यांना म्युनिकजवळच्या डाखाऊ नावाच्या छळछावणीत नेलं होतं, आपल्याच माणसांनी काय केलं ते बघायला. तिथल्या गावागावांत फुटपाथवर छोटे पितळी दगड बसवलेले आहेत, तळहाताएवढे. ज्या घरातून माणसं नेली त्या घरासमोर त्यांची नावं. गुंटर डेम्निग नावाच्या कलाकाराने १९९० नंतर हे काम सुरू केलं आणि आज युरोपभर एक लाखाहून जास्त दगड बसले आहेत. १९७० मध्ये त्यांचे चॅन्सलर, म्हणजे आपल्याकडच्या पंतप्रधानांसारखे, विली ब्रांट पोलंडमध्ये वॉर्साला गेले आणि मारल्या गेलेल्या ज्यूंच्या स्मारकासमोर गुडघे टेकून बसले. ब्रांट स्वतः हिटलरच्या विरोधातले होते, देश सोडून पळावं लागलेले. तरी ते झुकले.

आता दुसरी बाई.

चैत्रात कार्ल्याला एकवीरा आईची यात्रा भरते. आमच्या गटाने तिथे पिठलं-भाकरीचा स्टॉल लावला होता. दुपारी गर्दी ओसरल्यावर गल्ल्याची पिशवी सापडेना. पिशवीत दोन हजार तीनशे रुपये. स्टॉलशेजारी एक पारधी बाई फुगे विकत बसली होती, जवळ सहा-सात वर्षांची लेक. कुणीतरी म्हणालं, "त्यातलीच ती." बस्स, एवढंच. कुणी तिला काही घेताना पाहिलं नव्हतं. आम्ही चौघी-पाचजणींनी तिला घेरलं. तिची झोळी रस्त्यावर उपडी केली. फुगे, अर्धी भाकरी, लेकीचा एक फ्रॉक. लेकीच्या अंगावरचे खिसेसुद्धा चाचपले. ती बाई रडली नाही, भांडलीही नाही. सवयीचं असल्यासारखी हात वर करून उभी राहिली. लेक मात्र आमच्याकडे एकटक बघत होती.

संध्याकाळी पिशवी सापडली. पिठाच्या डब्याखाली आमच्यातल्याच एकीने ती जपून ठेवली होती आणि विसरली होती. आम्ही हसलो, देवीची कृपा म्हटलं, पैसे मोजले. फुगेवालीला शोधून माफी मागायला एकही जण उठली नाही. मीही नाही.

हा शिक्का कुठून आला ते ऐका, कारण हाही कायद्याने मारलेला आहे. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ मध्ये तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करता येईल असा केला. जमातीचं नाव यादीत गेलं की त्यातली माणसं जन्मानेच गुन्हेगार. चोरी केली का, हा प्रश्नच नाही. बोटांचे ठसे द्यायचे, पोलिसांकडे हजेरी लावायची, गाव सोडायचं तर परवाना घ्यायचा. सोलापुरात तर काटेरी तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती. मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवण्याची मुभाही त्या कायद्यात होती.

ही माणसं आधी कोण होती? कुणी रानात शिकार करणारे, कुणी बैलांच्या पाठीवरून मीठ-धान्य वाहणारे, कुणी टोपल्या विणणारे, कुणी दगड फोडणारे. रामोशी तर गावाचे आणि गडाचे राखणदार. आपल्याच जिल्ह्यात पुरंदरच्या पायथ्याच्या भिवडीचे उमाजी नाईक. इंग्रजांनी त्यांना दरोडेखोर ठरवून १८३२ मध्ये पुण्यात फाशी दिली. आज आपण त्यांना आद्यक्रांतिकारक म्हणतो. एकाच माणसाची ही दोन नावं. कोणतं चालणार, ते लिहिणाऱ्याच्या हातात.

देश १९४७ मध्ये स्वतंत्र झाला, पण ही माणसं मोकळी व्हायला आणखी पाच वर्षं लागली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. म्हणून त्यांना विमुक्त म्हणतात आणि ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. महाराष्ट्राच्या यादीत आज १४ विमुक्त जाती आहेत. कायदा पुसला, पण आपल्या जिभेवरचा शब्द राहिला. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' ही दोन आत्मकथनं आपल्या वाचनालयात मिळाली तर जरूर वाचा. आपली बाजू त्यांनी स्वतः लिहिली आहे.

आणि एक धागा बघा. जर्मनीत हिटलरच्या माणसांनी ज्यूंबरोबर रोमा लोकांनाही लाखोंनी मारलं. रोमा म्हणजे फिरस्ते. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी आपल्याच हिंदुस्थानातून तिकडे गेले. अजून ते पाण्याला पाणी आणि कानाला कान म्हणतात. तिथेही पोलिसांकडे त्यांच्या याद्या होत्या, हिटलर यायच्या कितीतरी आधीपासून. "हे जन्मानेच चोर" असंच तिथलेही लोक म्हणायचे. रोमांवरही वंशसंहार झाला, हे जर्मन सरकारने उघडपणे मान्य करायला १९८२ साल उजाडलं. शिक्का किती चिवट असतो बघा. ज्या देशाने एवढी कबुली दिली, त्यालाही रोमांच्या बाबतीत इतका उशीर लागला.

माणसाची लायकी जन्मावरून मोजणारं हे सगळं खोटं आहे, हे आपल्या पुण्याच्या एका बाईने बर्लिनमध्ये जाऊन दाखवलं होतं. 'युगान्त' लिहिणाऱ्या इरावतीबाई कर्वे, महर्षी कर्व्यांच्या सूनबाई. हिटलर सत्तेवर येण्याआधी, १९२८ ते १९३० या काळात त्या तिथे शिकत होत्या. गोऱ्यांच्या कवटीची घडणच वेगळी असते, असा त्यांच्या प्राध्यापकांचा समज होता. बाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाप्रमाणे तसा फरक दिसत नाही, असं स्पष्ट लिहून दिलं. परदेशी शिकायला गेलेली तरुण मुलगी, परीक्षा त्याच प्राध्यापकांच्या हातात, तरी जे मोजलं तेच लिहिलं. आपण तर त्या दिवशी गल्लाही नीट शोधला नव्हता.

काही जणी म्हणतील, "ताई, पण त्यांच्यातले काही जण चोऱ्या करतात की." करत असतील. आपल्यातलेही करतात. मागे एका गटात हप्त्याचे पैसे गायब झाले. पैसे खाणारी बाई सापडली. तेव्हा तिच्या आडनावाच्या सगळ्यांना आपण चोर म्हणालो का? तिच्या लेकीचं दप्तर तपासलं का? नाही. कारण तिला आपण नावाने ओळखत होतो. जिला नावाने ओळखत नाही, तिच्या बाबतीत मात्र एकीचा गुन्हा सगळ्यांवर जातो. आणि ज्यांना जमीन नाही, पत्ता नाही म्हणून कागद नाहीत, कागद नाहीत म्हणून काम नाही, त्यांनी सरळ मार्गाने जगायचं कसं, याचा विचारही आपण करत नाही.

जर्मनांची आणि आपली गोष्ट सारखी नाही, हेही सांगते. तिथे ज्यांच्या पूर्वजांनी केलं त्यांच्यावर शिक्का आहे, आणि ते आठवण ठेवतात. आपल्याकडे ज्यांनी सोसलं त्यांच्यावर शिक्का आहे, आणि मारणारे आपण विसरून गेलोय. म्हणून त्या पाहुणीचं वाक्य मला लागलं. १८७१ चा कायदा मी केला नाही, तो दोष माझा नाही. पण चैत्रातली झोळी उपडी करणारे हात आमचे होते. तिथे दोषही माझा आणि जबाबदारीही माझी.

गेल्या महिन्याच्या बैठकीत मी हे सगळं गटापुढे मांडलं. वाद झाला. दोघी रुसून उठून गेल्या. शेवटी ठरावाच्या वहीत तीन गोष्टी लिहिल्या. पहिली, काही हरवलं तर आधी आपलं सामान शोधायचं. दुसरी, कुणाचीही झडती आपण घ्यायची नाही, तो आपला अधिकारच नाही. पोलिसांनाही बाईची झडती दुसऱ्या बाईकडूनच, तिची अब्रू राखून घ्यावी लागते. तिसरी, पुढच्या चैत्रात त्या फुगेवालीला शोधायचं, तिचं नाव विचारायचं आणि लेकीसमोर माफी मागायची. ती भेटेल की नाही, भेटली तर ऐकून घेईल की नाही, सांगता येत नाही. ऐकून नाही घेतलं तरी तिची चूक नाही.

मैत्रिणींनो, येत्या ३१ ऑगस्टच्या आसपास तुमच्या गटाची बैठक असेल तर एवढं करा. आपल्या गावात, वाडीवर, पालावर असं कोण आहे, ज्याला आपण फक्त जातीने हाक मारतो? त्याचं नाव काय, ते एकमेकींना विचारा. कुणालाच माहीत नसेल, तर तेही वहीत लिहा. आणि आपल्या पोरांना हिटलर कोण होता ते नीट सांगा. माझ्या अंगणातल्या त्या पोराला मी सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "मग तुम्ही आजीला हिटलर का म्हणता?" आता आमच्या घरात तो शब्द बंद आहे.