टेकडी ६२ चे खंदक

बेल्जियममधल्या ईप्र शहराबाहेर, थोड्याच अंतरावर, टेकडी ६२ जवळ ‘सँक्च्युअरी वूड’ नावाचं एक खासगी युद्धसंग्रहालय आहे. पहिलं महायुद्ध संपलं, गावकरी परतले आणि खंदक बुजवून पुन्हा नांगर धरू लागले. इथल्या जमीनमालकाने मात्र आपल्या रानातले खंदक तसेच राहू दिले. पुढे ते बघायला तिकीट लागलं.

आतली मांडणी म्हणाल तर अडगळीच्या खोलीसारखी. गंजलेल्या बंदुका, शिरस्त्राणं, रिकामे तोफगोळे, माहितीफलक बेताचेच. पण तिथल्या लाकडी पेट्यांच्या भिंगांना डोळे लावाच. जोडछायाचित्रं एकदम खोल, उठावदार दिसू लागतात. चिखलातली प्रेतंसुद्धा. मुलं सोबत असतील तर आधी कल्पना द्या.

मागे गेलं की खंदक. ते मुद्दाम नागमोडी खणलेले. शत्रू एका टोकाने घुसला तरी त्याला सगळी रांग टिपता येऊ नये, आणि गोळा फुटला तर तडाखा एका वळणापुरताच राहावा. बाजूचे पत्रे आणि डागडुजी बरीच नंतरची. अस्सल किती, यावर जाणकारांत वाद आहे. तरीही जागा बघण्यासारखी आहे.

या आघाडीवर १९१४ च्या ऑक्टोबरात भारतीय जवानही उतरले होते. ३१ ऑक्टोबरला जवळच्याच होलेबेके इथे खुदादाद खान जखमी होऊनही मशीनगन चालवत राहिले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले भारतीय जवान. ईप्रच्या मेनिन गेट या स्मारकद्वारावर भारतीय सैनिकांची नावंही कोरलेली आहेत. तिथे रोज रात्री ८ वाजता मानवंदनेचं बिगूल वाजतं. जाल तेव्हा चिखलात चालतील असे बूट घाला आणि संध्याकाळ मोकळी ठेवा.