विणाईखात्याची बंदी



आपले आजे-पणजे मुंबईच्या गिरण्यांत राबले. पण जास्त पगाराच्या विणाईखात्यात त्यांना मज्जाव! धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, त्याचा सवर्ण कामगारांना विटाळ होई. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावले, ही बंदी उठवण्याची मागणी घ्या, नाहीतर आमची माणसे संपात नाहीत. मागणी नाइलाजाने घेतली गेली. मालक म्हणाले, हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही!

आज आम्ही कायम कामगार. शेजारच्याच मशीनवर कंत्राटी पोरगा कमी पगारात राबतो. युनियनच्या मीटिंगमध्ये आम्ही त्याचा विषय काढला का? नाही, गप्प बसलो. मालकाशी भांडायचे, तर आधी ही नवी शिवाशिव आपणच मोडली पाहिजे.

जयभीम!