चाचणी यंत्राची, नोंद इमानाची
(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



संगणकाचे शिक्षण म्हणजे महागडा कोर्स, अशी पुष्कळ पालकांची समजूत आहे. आज मी अशा एका कामाविषयी बोलणार आहे, की जे घरच्या जुन्या संगणकावर फी न भरता शिकता येते आणि ज्याला हुशारीइतकेच इमान लागते. ते काम म्हणजे प्रोग्रॅमची चाचणी घेणे व तिचा निकाल नोंदवणे.

समजा, शाळेचे निकालपत्रक तयार करणारा एक प्रोग्रॅम आहे. 35 गुणांना तो उत्तीर्ण म्हणतो का? 34 ला काय म्हणतो? 100 पैकी 101 गुण भरले तर हरकत घेतो का? अशा 50 चाचण्या झाल्या. पुढे प्रोग्रॅमची एक ओळ बदलली, तरी पन्नासही पुन्हा घ्याव्या लागतात. कारण एका जागची दुरुस्ती दुसऱ्या जागी बिघाड करू शकते. माणूस दहाव्या खेपेस कंटाळतो आणि ‘ठीक असेल’ म्हणून सोडून देतो. एखाद्या मुलीचे वर्ष त्या ‘ठीक असेल’मध्ये बुडू शकते.

4 जून 1996 रोजी युरोपचे एरियान-5 रॉकेट उड्डाणानंतर सुमारे 40 सेकंदांत नष्ट झाले. एरियान-4 मधला जुना प्रोग्रॅम त्यात घेतला होता; नव्या उड्डाणमार्गाच्या आकड्यांवर त्याची चाचणी झालेली नव्हती.

पुन्हा पुन्हा चाचणी घेण्याच्या या कामी शेल स्क्रिप्ट उपयोगी पडते. शेल म्हणजे आपली आज्ञा संगणकाला पोचवणारा प्रोग्रॅम. स्टीफन बोर्न यांचा शेल 1979 साली युनिक्सबरोबर आला. आज लिनक्सवर बहुधा बॅश वापरतात. आज्ञा एका साध्या फाइलीत क्रमाने लिहिल्या, की झाली स्क्रिप्ट. प्रत्येक आज्ञा संपताना एक आकडा ठेवून जाते: 0 म्हणजे ठीक, दुसरा कोणताही म्हणजे बिघाड. तो आकडा पाहून स्क्रिप्ट तारीख, वेळ, चाचणीचे नाव व निकाल नोंदीच्या फाइलीत लिहिते. क्रॉन या व्यवस्थेला सांगून ठेवले, की रोज रात्री हे सारे आपोआप होते.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. > या खुणेने जुनी नोंद पुसली जाते. >> या खुणेने नवी नोंद तिच्याखाली जोडली जाते. दुसरे असे, की मजकूर पडद्यावर व फाइलीत एकदम पाठवण्यासाठी चाचणीच्या पुढे ‘टी’ ही आज्ञा जोडली, तर शेवटी हाती येणारा आकडा ‘टी’चा असतो. चाचणी नापास, नोंद मात्र पास! बॅशमध्ये ‘पाइपफेल’ हा पर्याय चालू केला, की ही फसगत टळते. म्हणून एक चाचणी मुद्दाम बिघडवून पाहा. नोंदीत ‘नापास’ उमटले नाही, तर त्या नोंदीवर विसंबू नका.

सूरह अल-बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा आहे. लेखी नोंदीचे मोल आपल्याला नवे नाही. पालकांनो, मुलाबरोबर मुलीलाही संगणकापाशी बसू द्या. लिनक्स मोफत मिळते. विद्यार्थ्यांनो, वरिष्ठांना रुचणार नाही म्हणून ‘नापास’ ही नोंद कधी लपवू नका. तीच उद्या कुणाचे तरी नुकसान टाळील.