दिव्यांग बालकांची कुटुंबे आणि आपली शाखा

(रेल्वे व पोस्ट कामगारांच्या शाखा कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



पेन्शनवर किंवा रिक्त जागांवर बोलायला सांगितले असते तर मला सोपे गेले असते. त्या विषयांवर आपण सगळेच वर्षानुवर्षे बोलत आहोत. आज मी जो विषय घेतला आहे तो आपल्या मागणीपत्रकात क्वचितच दिसतो. आणि तो काढताना प्रथम मला माझी स्वतःची चूक कबूल करायची आहे.

आमच्या विभागात एका लहान स्टेशनवर एक ट्रॅकमेंटेनर साथी होता. मूळचा विदर्भातला, नोकरी तेलंगणात. त्याची धाकटी मुलगी वर्षाची झाली तरी बसत नव्हती. शेजारपाजारचे म्हणाले, काही मुले उशिरा बसतात. सासूबाई म्हणाल्या, सुनेचाच काही दोष असेल. शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणी दाखवले तेव्हा डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी असल्याचे सांगितले. म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे हातापायांच्या हालचालींवर ताबा राहत नाही. आठवड्यातून दोनदा व्यायामाला आणा, असे सांगून त्यांनी पाठवले.

आता हिशेब पाहा. केंद्र पन्नास किलोमीटरवर. त्या स्टेशनवर थांबणारी पॅसेंजर सकाळी एक आणि परतीची संध्याकाळी एक. गँगची रेस्ट रविवारी, आणि रविवारी केंद्र बंद. म्हणजे बापाला जाता येत नाही. आईला तेलुगू येत नाही, हिंदी मोडकीतोडकी, मोठा मुलगा शाळेत. ती बिचारी मुलीला कडेवर घेऊन चार वेळा गेली, पाचव्या वेळेला गेली नाही. तिला दोष देणार कोण?

तो साथी माझ्याकडे आला. म्हणाला, साहेब, जिल्ह्याच्या ठिकाणच्या गँगमध्ये बदली मिळेल का? मी त्याचा अर्ज घेतला, विनंती बदलीच्या यादीत नाव लागले की नाही ते पाहिले आणि सांगितले, नंबर येईल. माझ्या मते मी माझे काम केले होते. नंबर यायला दोन वर्षांच्या वर लागली. तोपर्यंत मुलीच्या पायांचे स्नायू आखडून गेले होते. डॉक्टर म्हणाले, आधी नियमित आणली असती तर जास्त फरक पडला असता.

बदली झाल्यावर मला कळले की त्या जिल्ह्याच्या ठिकाणी आपलाच एक सभासद होता, त्याची शेती या लहान स्टेशनजवळ, आणि तो इकडे यायला एका पायावर तयार होता. म्युच्युअल बदली चार-सहा महिन्यांत झाली असती. दोघेही आपल्या संघटनेचे, दोघांची वर्गणी मीच जमा करत होतो. मी विचारलेच नाही. कारण माझ्या डोक्यात तो बदलीचा अर्ज होता. मुलीच्या वाढीचा प्रश्न म्हणून मी त्याकडे पाहिलेच नव्हते.

साथींनो, फाईल थांबू शकते, मूल थांबत नाही. लहान मुलाचा मेंदू आणि शरीर पहिल्या काही वर्षांत जितके शिकते तितके पुढे शिकत नाही. मूल चार-पाच महिन्यांचे होऊन मान धरत नसेल, नऊ-दहा महिन्यांत आधाराशिवाय बसत नसेल, दीड वर्षात चालत नसेल, वर्षाचे होऊन हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, तर दाखवून घेतले पाहिजे. काही नाही निघाले तर आनंदच आहे. निघाले तर एक-एक महिना मोलाचा आहे.

तुम्ही विचाराल, सरकारने काहीच केलेले नाही का? केले आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. १९९५ च्या कायद्यात ७ प्रकारची अपंगत्वे होती, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती २१ झाली. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आपल्या महाराष्ट्रात पालघरहून सुरू झाला. त्यात फिरत्या पथकाने अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांना एकदा तपासायचे आहे. दोष आढळलेल्या मुलांना पुढे पाठवण्यासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे ठेवली आहेत. राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व व बहुअपंगत्व असलेल्यांना तिच्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो आणि थेरपीचा खर्चही त्यात बसतो. २०२१ मध्ये लहान मुलांसाठी १४ ठिकाणी केंद्र सरकारने एकत्रित उपचार केंद्रे उघडली. त्यात मुंबई, सिकंदराबाद, भोपाळ ही आपल्या मराठी कामगारांच्या वाटेवरची ठिकाणे आहेत.

मग अडते कुठे? २०११ च्या जनगणनेत ६ वर्षांपर्यंतची दिव्यांग मुले २० लाखांहून अधिक मोजली गेली. इतक्या मुलांना अशी मोजकी ठिकाणे आणि जिल्ह्याला एखादे केंद्र पुरणार आहे का? शिवाय कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ वर्षांच्या दिव्यांग मुलाला दिला. परंतु ज्या वयात मदतीचा सर्वांत जास्त उपयोग, ते वय सहाच्या आधीचे आहे. त्या वयात सगळा भार आईच्या कडेवर असतो.

आणि आपल्या कामगारांचे आणखी एक दुखणे आहे. मी ज्या रेल्वे कॉलन्या पाहिल्या, त्यांत पुष्कळ मुलांची नावे गावच्या अंगणवाडीच्या वहीत नाहीत. गाववाले म्हणतात ही रेल्वेची मुले, रेल्वे म्हणते अंगणवाडी आमच्याकडे नाही. पथक येते आणि कॉलनीच्या फाटकावरून निघून जाते. परप्रांतात असलेल्या मराठी कुटुंबाला भाषेचीही अडचण आहे. बोलायला शिकवणारी बाई तेलुगू किंवा कानडी बोलते, घरी आई मराठी बोलते. काही आईबाप घाबरून घरची भाषाच बंद करतात. तसे करू नका. मूल आईच्या बोलण्यातूनच बोलायला शिकते. केंद्रावर काय सांगितले ते आईला तिच्या भाषेत समजावून देणारा माणूस सोबत हवा, एवढीच गरज आहे. आणि असा माणूस आपल्या प्रत्येक शाखेत आहे.

आता नोकरीच्या नियमांकडे येतो. महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपन रजा एकूण ७३० दिवसांची आहे. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलासाठी तिला मुलाच्या वयाची अट राहिलेली नाही. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेशातील एका प्राध्यापिकेच्या प्रकरणात सांगितले की दिव्यांग मुलाच्या आईला अशी रजा नाकारणे हे नोकरीत स्त्रियांना समान वाटा देण्याच्या घटनात्मक कर्तव्याशी विसंगत आहे. चांगली गोष्ट आहे. परंतु पुरुषांत ही रजा फक्त एकट्या बापाला, म्हणजे विधुर, घटस्फोटित किंवा अविवाहिताला मिळते. गँगमधला माणूस, पॉइंट्समन, पोस्टमन, ज्याची बायको घरी आहे, त्याला एक दिवसही नाही. ग्रामीण डाकसेवक या रजेच्या नियमांत बसतच नाही. आणि गाड्या धुणाऱ्या कंत्राटी कामगाराचे तर विचारूच नका, तो मुलाला घेऊन गेला तर त्या दिवसाची मजुरी गेली.

६ जून २०१४ चा केंद्राचा आदेश आहे. दिव्यांग मुलाचा सांभाळ करणाऱ्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या फिरत्या बदलीतून, प्रशासनाची अडचण नसेल तर, सूट द्यावी. २०१८ मध्ये त्यात नव्या कायद्यातील अपंगत्वे घेतली गेली. किती शाखांनी हा कागद आपल्या सभासदाला वाचून दाखवला? मुलांच्या शिक्षणाचा भत्ता दिव्यांग मुलाला दुप्पट आहे, १ जानेवारी २०२४ पासून तो दरमहा ५,६२५ रुपये झाला. आणि जुन्या पेन्शनखालील साथींनी हे नीट ऐका: जे मूल पुढे स्वतः कमावू शकणार नाही, त्याला आईबापांच्या मागे हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. त्याचे नाव आपल्या हयातीतच कागदावर लावून घ्या. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या आईला किंवा भावाला नंतर दारोदार फिरायला लावू नका.

माझी विनंती पाच गोष्टींची आहे. पहिली, प्रत्येक शाखेने एक साधी वही ठेवावी. कॉलनीत आणि लाइनवर कोणाच्या घरी असे मूल आहे, त्याचे वय काय, प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड झाले का, केंद्र किती लांब आहे. घरच्यांना विचारून, त्यांचा मान ठेवून लिहावे, चर्चेसाठी नव्हे. दुसरी, केंद्राच्या दिवशी त्या साथीची ड्युटी आणि रेस्ट जुळवून घ्यावी. मेट, सुपरवायझर आणि चार सहकारी यांनी ठरवले तर पुष्कळ वेळा वरच्या हुकमाची गरज पडत नाही. तिसरी, प्रमाणपत्राच्या तपासणीला आणि पहिल्या काही फेऱ्यांना स्थानिक भाषा येणारा एक माणूस सोबत द्यावा. निवृत्त साथी हे काम आनंदाने करतात, फक्त कोणीतरी त्यांना विचारायला हवे. चौथी, अंगणवाडीताईंना भेटून कॉलनीतील मुलांची नावे वहीत घालून घ्यावीत, आणि तपासणी पथकाला कॉलनीच्या आत आणावे. पाचवी, विनंती बदलीच्या यादीत अशा घरांची नावे वेगळी काढून त्यांच्यासाठी म्युच्युअलचा माणूस शोधावा. हे मी सर्वांत शेवटी सांगतो आहे, पण ते माझ्याकडून राहिले होते.

आमच्या शाखेने आता इन्स्टिट्यूटची एक खोली शनिवारी दुपारी या कामाला दिली आहे. चार आया मुलांना घेऊन येतात. केंद्रावर शिकवलेले व्यायाम एकमेकींना दाखवतात. महिन्यातून एकदा जिल्ह्याच्या ठिकाणचे फिजिओथेरपिस्ट येऊन ते बरोबर होतात की नाही पाहतात. एक सतरंजी, दोन लोड आणि एक आरसा, एवढेच सामान आहे. याने सगळे सुटले असे मी म्हणणार नाही. पण ज्या आया घराबाहेर पडत नव्हत्या त्या पडतात, आणि आपल्या मुलाचे नाव मोठ्याने घेतात.

शाखेने करायचे ते शाखेने करावे, पण सरकारची जबाबदारी आपण आपल्या खांद्यावर घेऊन त्याला मोकळे सोडायचे नाही. फेडरेशनने तीन मागण्या लावून धराव्यात. विवाहित बापालाही दिव्यांग मुलासाठी रजा मिळावी. ग्रामीण डाकसेवक आणि कंत्राटी कामगार यांना त्यातून वगळू नये. आणि उपचाराची सोय जिल्ह्यावर न थांबता तालुक्यापर्यंत यावी, आठवड्यातून एक दिवस का होईना.

१९७४ च्या संपाच्या आठवणी आपल्या वडीलधाऱ्यांनी सांगितल्या आहेत. २० दिवसांचा तो संप, हजारोंना अटक, क्वार्टरमधून कुटुंबे बाहेर काढलेली. त्या दिवसांत शेजारच्या घरात चूल पेटली की नाही हे बघूनच बाया आपल्या घरी ताट वाढत, असे माझे वडील सांगत. ती आपली खरी परंपरा आहे. आजही आपल्या लाइनीत एखाद्या घरी एक आई मुलाला कडेवर घेऊन एकटी बसलेली आहे. तिच्या दारापर्यंत आपण गेलो पाहिजे.

ती मुलगी आता सात वर्षांची आहे. शाळेत जाते. वॉकर धरून वर्गात चार पावले टाकते. मी भेटलो की हसते. तिला माझी चूक माहीत नाही. मला माहीत आहे, म्हणून आज तुमच्यापुढे बोललो.

कामगार एकजुटीचा विजय असो!