किल्ली, खूण आणि लपलेली गाठ



कर्करोगाची गाठ लहान व एकाच जागी असताना सापडली, तर शस्त्रक्रियेने रुग्ण बरा होण्याची आशा मोठी असते. परंतु आतड्यातील वा स्वादुपिंडातील न्यूरोएन्डोक्राइन गाठी हळूहळू वाढतात आणि वर्षानुवर्षे लपून राहतात. त्या शोधण्यासाठी पेप्टाइडला किरणोत्सारी खूण कशी लावतात, ते आज पाहू.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. १९७३ साली रॉजर गियमँ यांच्या गटाने शोधलेल्या सोमॅटोस्टॅटिनच्या साखळीत १४ अमिनो आम्ले आहेत. या गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिनला धरणारी ग्राहक प्रथिने बहुधा विपुल असतात. पेप्टाइड ही किल्ली, तर ग्राहक हे कुलूप. मात्र ही किल्ली रक्तात काही मिनिटांतच तुटते. म्हणून ८ आम्लांचे टिकाऊ ऑक्ट्रिओटाइड तयार करण्यात आले.

१९८९ साली नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे एरिक क्रेनिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा किल्लीला आयोडीन-१२३ जोडून गाठींची चित्रे घेतली. गाठी दिसल्या; पण हे द्रव्य यकृतावाटे आतड्यात उतरे आणि पोटातील गाठी त्या झगमगाटात झाकल्या जात. मग त्यांनी खूणच बदलली. किल्लीच्या कुलपात न शिरणाऱ्या टोकाला डीटीपीए हा रेणू जोडला. खेकड्याने नांगीत धरावे तसा तो इंडियम-१११ धरून ठेवतो. हे द्रव्य मुख्यतः मूत्रावाटे बाहेर पडते. त्यामुळे पोटाचे चित्र स्वच्छ झाले. १९९४ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली.

मित्रांनो, यातून तीन गोष्टी ध्यानात घ्या. खुणेने किल्लीचे दात बिघडता कामा नयेत. पकड घट्ट हवी. आणि उरलेले द्रव्य शरीराबाहेर कोणत्या वाटेने जाईल, याचा विचार आधीच हवा.

आज गॅलियम-६८ वापरतात. त्याचे अर्धायुष्य फक्त ६८ मिनिटे! जनित्रातून ते काढायचे, आम्लता बेताची राखून 'डोटा' हा पकड-रेणू जोडलेल्या पेप्टाइडबरोबर तापवायचे, शुद्धता तपासायची आणि रुग्णाला टोचायचे. हे सारे घड्याळाशी शर्यत लावून. तरीही शुद्धतेची तपासणी गाळता येत नाही. गॅलियम मोकळे राहिले, तर चित्र फसवे येते आणि त्या चित्रावरूनच शस्त्रक्रियेचा निर्णय व्हायचा असतो.

याच किल्लीला ल्युटेशियम-१७७ जोडले, तर ती गाठीवर उपचारही करते. हे ल्युटेशियम आपल्या ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होते.

विद्यार्थ्यांनो, रुग्णाची सेवा केवळ डॉक्टरच करतात असे नाही. परीक्षानळी हाती घेतलेला रसायनशास्त्राचा प्रामाणिक विद्यार्थीही ती करतो.