सकाळी लंगडणारं, दुपारी पळणारं मूल



मला संगणकाविषयी बोलायला सांगितलं होतं. पण आपल्यातले बहुतेकजण आता आईबाप आहेत, काहीजणी शिक्षिका आहेत. म्हणून गेली ७ वर्षं घरात जे शिकले त्यावरच बोलते : मुलांचा संधिवात आणि त्यासाठीची फिजिओथेरपी.

संधिवात म्हटलं की आपल्याला आजी आठवते. पण तो १६ वर्षांच्या आतल्या मुलांनाही होतो. सांधा ६ आठवडे किंवा जास्त सुजलेला राहिला आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर डॉक्टर त्याला जुवेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस म्हणतात. माझ्या मुलीला तो पाचव्या वर्षी झाला. दुखतंय असं ती क्वचितच म्हणे. सकाळी तासभर लंगडायची, दुपारी पळायची. त्यामुळे ‘शाळा चुकवायची नाटकं’ हे निदान बऱ्याच जणांनी फुकटात करून दिलं.

सुजलेला गुडघा थोडा वाकवून ठेवला की बरं वाटतं, कारण आत साठलेल्या पाण्याला जास्त जागा मिळते. मूल तसंच बसतं, तसंच झोपतं. मग मांडीमागचे स्नायू आखडतात, पुढचे बारीक होतात आणि गुडघा पूर्ण सरळ होईनासा होतो. शिवाय सुजेमुळे तिथला रक्तपुरवठा वाढून हाड भराभर वाढतं आणि दुखरा पायच दुसऱ्यापेक्षा लांब होऊ शकतो. औषधं सूज उतरवतात, ती घ्यायलाच हवीत. पण आखडलेला स्नायू गोळीने सैल होत नाही. तिथे व्यायामच लागतो.

आमच्याकडे सकाळी आधी गरम पाण्याची अंघोळ. मग टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचा. गोष्टीचं पुस्तक पालथं झोपूनच वाचायचं, म्हणजे खुबा आणि गुडघा सरळ राहतात. रात्री स्प्लिंट. तो तिने दोनदा वॉशिंग मशीनमध्ये लपवला.

फिजिओथेरपिस्ट बाई दर महिन्याला गुडघ्याचा कोन मोजत. साधन म्हणजे आपल्या कंपासपेटीतल्या कोनमापकाचा थोरला भाऊ! सुरुवातीला गुडघा सरळ व्हायला २० अंश कमी पडत होते, आठ महिन्यांनी शून्य. नोकरीत ढीगभर आलेख काढले, पण फ्रिजवर लावला तो हा एकच.

शाळेत मात्र काळजीपोटी तिला पीटीच्या तासाला कडेला बसवत. पूर्वी डॉक्टरही विश्रांतीच सांगायचे, आता तसं नाही. सूज भडकलेली असताना उड्या नकोत, पण एरवी चालणं, सायकल, पोहणं हवंच. एका जागी बसून राहिलं की सांधे पुन्हा आखडतात. पुढच्या वर्षीच्या बाई दर तासाला तिलाच खडू नाहीतर वह्या आणायला उठवत. वर्गाला वाटायचं, ही बाईंची लाडकी.

एक गोष्ट विसरू नका. या मुलांच्या डोळ्यांत आतून सूज येऊ शकते. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, आणि नजर मात्र जाऊ शकते. तक्रार नसली तरी नेत्रतज्ज्ञांकडे ठरल्या वेळी जायचंच.

तेव्हा शिक्षिका मैत्रिणींनो, पहिल्या तासाला लंगडणारं आणि मधल्या सुट्टीत पळणारं मूल दिसलं, तर त्याच्या आईला बोलावून बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा. जेवणानंतर मी व्हरांड्यात आहे. व्यायाम बघायचे असतील तर येताना सतरंजी आणा.