राष्ट्रचिन्हांचा मान आणि टीकेचा अधिकार



राष्ट्रध्वज आणि राज्यघटना यांचा अवमान हा आपल्या देशात गुन्हा आहे. १९७१ च्या कायद्यानुसार सार्वजनिक ठिकाणी ती जाळणे, विद्रूप करणे वा पायदळी तुडविणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मात्र त्याच कलमाचे स्पष्टीकरण फारसे कोणी वाचीत नाही. घटनेत दुरुस्ती किंवा ध्वजात बदल सनदशीर मार्गाने व्हावा, या हेतूने केलेली टीका त्यात गुन्हा मानलेली नाही.

राष्ट्रपतींच्या अवमानाचा तर स्वतंत्र गुन्हाच नाही. थायलंडमध्ये राजाच्या निंदेस तीन ते पंधरा वर्षांची कैद आहे. आपल्याकडे राष्ट्रपतींसही बदनामीचा सर्वसाधारण कायदाच लागू. त्यांच्या अधिकृत कार्याविषयी बदनामी झाल्यास सरकारी अभियोक्त्याला सत्र न्यायालयात फिर्याद करता येते, एवढाच काय तो विशेष.

ही सीमारेषा किती नाजूक आहे, हे मुंबई उपनगरातील एका प्रकरणाने दाखविले. २०११ च्या अखेरीस, अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या काळात, असीम त्रिवेदी यांची व्यंगचित्रे मुंबईत झळकली. एकात राजमुद्रेतील सिंहांच्या जागी लांडगे होते, दुसऱ्यात संसद शौचकूपाच्या रूपात. वांद्रे-कुर्ला संकुल पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांना अटक झाली, आणि १९७१ च्या कायद्याच्या जोडीला राजद्रोहाचे कलम १२४-अ लागले. लोकमान्य टिळकांना १८९७ व १९०८ साली शिक्षा झाली ती याच कलमाखाली! त्रिवेदींनी जामीन मागण्यास नकार दिला. अखेर एका जनहित याचिकेवरून मुंबई उच्च न्यायालयाने तो मंजूर केला. राजद्रोहाचा आरोप शासनाने पुढे सोडून दिला.

१७ मार्च २०१५ च्या निकालात न्यायालयाने व्यंगचित्रांची भलावण केली नाही. त्यांत विनोद वा उपरोध नाही, भ्रष्टाचाराविषयीचा संताप आणि तिटकारा आहे, असेच म्हटले. परंतु हिंसेस चिथावणी नसताना तेवढ्यावरून अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला घालता येत नाही, असा निर्वाळा दिला. पोलिसांसाठी मार्गदर्शक तत्त्वेही ठरली. ती कळविणारे राज्य शासनाचे ऑगस्ट २०१५ चे मराठी परिपत्रक मात्र शब्दयोजनेमुळे वादात सापडले. लोकप्रतिनिधींवरील टीकाच राजद्रोह ठरेल, असा अर्थ त्यातून निघत होता. ते ऑक्टोबरात मागे घेण्यात आले. कायद्याच्या भाषांतरात एखादा शब्द इकडचा तिकडे झाला, तर नागरिकाच्या गळ्याशी येतो तो असा.

भारतीय दंड संहितेबरोबर कलम १२४-अ १ जुलै २०२४ रोजी गेले. देशाचे सार्वभौमत्व व एकता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांसाठी न्याय संहितेत कलम १५२ आले. १९७१ चा कायदा त्याच्या स्पष्टीकरणासह कायम आहे.